परदेशस्थ सैनिकास पार्सल : पत्ता, बांधणी आणि विश्वास

बेळगाव शहरास लष्कराचा शेजार नवा नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे आणि पलटणीशी देवघेव असणारी दुकाने आमच्या पेठेत पूर्वापार आहेत. येथे शिकून बाहेर पडलेला जवान कधी हिमालयातील चौकीवर जातो, तर कधी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर समुद्रापार. दिवाळी जवळ आली की त्याच्या घरची माणसे फराळाचे सामान घेण्यास दुकानात येतात आणि सामानाबरोबरच एक प्रश्नही विचारतात : "हे त्याच्यापर्यंत नीट पोहोचेल ना?" माल विकणाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर देऊ नये असा काही नियम नाही, उलट ते त्याला देता यावे, हेच व्यापाराला शोभणारे आहे. या हेतूने परदेशी असलेल्या सैनिकास पार्सल कसे जाते, ते वाटेत कशाने बिघडते आणि कशाने टिकते, याची माहिती आम्ही येथे एकत्र करीत आहोत.

सैनिकी टपाल वेगळे का?

परदेशात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकास आपण पार्सल पाठवितो तेव्हा ते आपल्या टपालखात्याकडून त्या देशाच्या टपालखात्याच्या हाती जाते. तेथील जकात, तेथील नियम आणि तेथील पोस्टमन यांच्यामार्फत ते घरपोच होते. सैनिकाच्या बाबतीत ही व्यवस्था तीन कारणांनी निरुपयोगी ठरते. एक तर त्याला घरक्रमांक नसतो. त्याचे ठाणे आज एका गावात, तर महिन्याभराने दुसऱ्या गावात असते. दुसरे, ज्या मुलुखात तो गेलेला असतो तेथील टपालव्यवस्था पुष्कळदा युद्धाने किंवा यादवीने मोडून पडलेली असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणती पलटण कोठे आहे हे पाकिटावर लिहिले जाणे सैन्याला परवडणारे नसते.

म्हणून सैन्य आपले पोस्ट ऑफिस आपल्याबरोबर घेऊन जाते. भारतात या पद्धतीचा आरंभ १८५६ च्या इराण मोहिमेपासून धरला जातो. त्या मोहिमेबरोबर गेलेले क्षेत्रीय डाकघर इराणच्या आखातावरील बुशायर येथे उघडण्यात आले होते. १९०० साली चीनमध्ये गेलेल्या फौजेसाठी भारतीय तिकिटांवर 'सी. ई. एफ.' ही अक्षरे छापली गेली, तर १९१४ मध्ये फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका इत्यादी आघाड्यांवर गेलेल्या फौजांसाठी 'आय. ई. एफ.' ही अक्षरे छापलेली तिकिटे निघाली.

स्वातंत्र्यानंतर हेच काम शांतिरक्षणाच्या निमित्ताने पुढे चालले. कोरियातील युद्ध थांबल्यावर, मायदेशी परत जाण्यास नाखूष असलेल्या युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठी १९५३ मध्ये भारताने आपले दल धाडले. त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे आपल्याच मराठी मुलुखातले. या दलासाठी निघालेल्या तिकिटांवर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असे शब्द नागरी लिपीत छापले होते. पुढे १९५४ मध्ये इंडोचीनमधील आंतरराष्ट्रीय आयोगाच्या कामासाठी, १९६२ मध्ये काँगोतील दलासाठी आणि १९६५ मध्ये गाझा येथील दलासाठी अशीच तिकिटे निघाली. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापलेले तिकीट गाझाच्या वाळूत चालत होते, कारण तेथील भारतीय क्षेत्रीय डाकघर हा भारतीय टपालाचाच एक भाग मानला जात होता. पुष्कळ वर्षे सैन्याच्या इतर विभागांच्या छायेत वाढलेल्या या व्यवस्थेस १ मार्च १९७२ रोजी सेना डाक सेवा कोअर म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले. तिच्यातील पुष्कळसे कर्मचारी नागरी टपालखात्यातूनच येतात, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या गावच्या पोस्टात बसणारा माणूसच काही वर्षे गणवेश घालून पलटणीची डाक वाटतो.

पार्सल कोणत्या वाटेने जाते?

सैनिकाच्या पत्त्यात देशाचे नाव नसते, गावाचेही नसते. त्यात त्याचा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण अथवा कंपनी, नऊ या आकड्याने सुरू होणारा सहा आकडी पिन क्रमांक आणि शेवटी 'मार्फत ५६ ए. पी. ओ.' किंवा 'मार्फत ९९ ए. पी. ओ.' एवढेच असते. पिन क्रमांकाची पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि तिच्यातील पहिला आकडा नऊ हा सेना डाक सेवेसाठी राखून ठेवण्यात आला.

आपल्या पोस्टातील कारकुनाला तो सैनिक कोठे आहे हे ठाऊक नसते व असण्याचे कारणही नसते. नऊ हा आकडा पाहून तो पार्सल सैनिकी टपालाच्या थैलीत टाकतो. '५६' असेल तर ते दिल्लीच्या आणि '९९' असेल तर कोलकात्याच्या मध्यवर्ती तळ डाकघराकडे वळते. कोणती तुकडी सध्या कोठे आहे याची चालू नोंद तेथे असते. त्या नोंदीप्रमाणे थैल्या भरल्या जातात व विमानाने, जहाजाने अथवा मोटारीने क्षेत्रीय डाकघरापर्यंत जातात. तेथून पलटणीचा डाक-जवान आपल्या तुकडीची डाक उचलतो आणि तंबूत नेऊन वाटतो.

या रचनेतील मर्म असे की तुकडी हलली तरी पत्ता हलत नाही. बदल फक्त तळ डाकघराच्या नोंदीत होतो. घरच्या माणसाने मात्र आपल्या शहाणपणाने त्या पत्त्यात 'लेबनॉन' किंवा 'सुदान' असा शब्द जोडला, तर दोन प्रकारे घात होतो. पार्सल सैनिकी वाट सोडून परदेशी टपालाच्या वाटेस लागण्याचा संभव असतो आणि जी गोष्ट लपवावयाची तीच दहा लोकांच्या डोळ्यांसमोर येते. यास्तव नियम एकच : सैनिकाने स्वतः कळविलेला पत्ता अक्षरशः उतरावा, त्यात काही घालू नये, काही गाळू नये. परदेशी मोहिमेवर जाताना त्याने वेगळा पत्ता दिला असेल, तर जुना पत्ता तत्काळ रद्द समजावा.

अमेरिकेची पद्धतही तत्त्वतः हीच आहे. तेथे ए. पी. ओ., एफ. पी. ओ. व डी. पी. ओ. अशी तीन प्रकारची ठाणी असून गावाच्या जागी ती अक्षरे आणि राज्याच्या जागी युरोप व मध्यपूर्वेकरिता 'ए. ई.', प्रशांत महासागराकरिता 'ए. पी.' व अमेरिका खंडांकरिता 'ए. ए.' असे लिहितात. देशाचे नाव तेथेही लिहावयाचे नसते. दर अंतर्गत टपालाचा लागतो, परंतु जकातीचा नमुना बहुधा भरावा लागतो. ब्रिटनमध्ये 'बी. एफ. पी. ओ.' ही अक्षरे व ठाण्याचा क्रमांक पुरतो. इराक व अफगाणिस्तान येथील मोहिमांच्या काळात घरच्यांनी पाठविलेली दोन किलोपर्यंतची पुडकी तेथील सरकारने विनामूल्य पोहोचविली. परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या बांधवांस ही माहिती उपयोगी पडेल.

जागेचा आणि वजनाचा प्रश्न

सैनिकी टपालात पत्राला अडचण नसते. अडचण असते ती पार्सलाला. कारण ज्या जहाजातून किंवा विमानातून पार्सल जावयाचे, त्यातूनच दारूगोळा, औषधे व शिधाही जावयाचा असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसारख्या संपन्न देशालाही हे बंधन घालून घ्यावे लागले. १९४३ मध्ये परदेशातील अमेरिकी भूसैनिकास पार्सल पाठवावयाचे तर त्या सैनिकाने स्वतः मागणी केल्याचे पत्र पोस्टात दाखवावे लागे व वजन पाच पौंडांपलीकडे चालत नसे. नाताळची भेट तेवढी विनामागणी चाले. पण ती १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या एका महिन्यातच टाकावी लागे. डिसेंबरच्या अखेरीस येणाऱ्या सणाची भेट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पोस्टात पडली पाहिजे, हा हिशेब विचार करण्याजोगा आहे. आज विमाने पुष्कळ झाली, तरी शेवटचा टप्पा अनिश्चितच असतो. दिवाळीचा फराळ समुद्रापार धाडावयाचा असेल, तर तो निदान सहा आठवडे आधी पोस्टात पडावा असे आम्ही सुचवितो.

घरच्या अन्नाचे मोल केवळ जिभेपुरते नसते. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत मेसोपोटेमियातील कुत येथे भारतीय फौज वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. शिधा संपत आला तेव्हा घोड्याचे मांस देण्यात येऊ लागले. पुष्कळ भारतीय सैनिकांनी धर्माच्या व रीतीच्या कारणाने ते दीर्घकाळ नाकारले. उपासमारीबरोबर रक्तपितीचा रोगही त्यांच्यात बळावला. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला, पण त्या काळच्या विमानांना तो भार पेलण्यासारखा नव्हता. ज्याला जे अन्न चालते तेच त्याला मिळणे हा चोचला नव्हे, हे त्या वेढ्याने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत पडलेल्या भारतीय सैनिकांसाठी लंडनमध्ये 'इंडियन कम्फर्ट्‌स फंड' या संस्थेने जी पार्सले बांधली, त्यांत पीठ, डाळ, तांदूळ व मसाला असे भारतीय शिध्याचे पदार्थ घातले जात.

काय पाठवावे, काय पाठवू नये

पदार्थ टिकतो की नासतो हे मुख्यत्वे त्यातील मोकळ्या पाण्यावर अवलंबून असते. बुरशी व जंतू यांना वाढण्यास पाणी लागते. पदार्थ वाळविला, भाजला किंवा त्यात साखर अथवा मीठ भरपूर घातले म्हणजे ते पाणी उडते किंवा बांधले जाते आणि जंतूंना ते मिळत नाही. आमच्या घरांतून वाळवणे, भाजके पीठ व खाखरा यांची परंपरा आहे, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

या कसोटीवर आपल्या भागातील पदार्थ लावून पाहावेत. बेळगावचा कुंदा सर्वांच्या आवडीचा. परंतु तो आटविलेल्या दुधाचा व ओलसर असल्याने तीन-चार आठवड्यांच्या उष्ण प्रवासास मुळीच योग्य नाही. ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी हे त्यास स्पष्ट सांगावे. बेळगावचे मांडे टिकतील, पण वाटेत त्यांचा चुरा होईल. उलट गोकाकचा करदंट गूळ, डिंक व सुका मेवा यांचा घट्ट बांधलेला असल्याने दूरच्या वाटेस उत्तम. खाखरा, कोरडा चिवडा, भडंग, शंकरपाळे, तिळाची वडी, मेतकूट, सुकी चटणी, भाजलेली डाळ व सुका मेवा हे सर्व चालण्यासारखे आहेत.

तळलेल्या पदार्थांना दुसरा शत्रू असतो, तो म्हणजे हवा. तेल हवा, उजेड व उष्णता यांच्या संसर्गाने खवट होते. शेंगदाणे व सुके खोबरे यांतही तेल असल्याने तीही लवकर खवटतात. म्हणून दूर जाणाऱ्या चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नयेत व ताज्या तेलातच तळावे. पदार्थ पूर्ण निवल्याशिवाय पिशवी बंद करू नये. आतील वाफेचे पाणी होते आणि सर्व श्रम वाया जातात. तूप नासत नाही, पण उष्णतेने पातळ होऊन झिरपते. लोणच्याच्या काचेच्या बरणीविषयी तर बोलावयासच नको : ती फुटली तर आपले पार्सल बुडतेच, शिवाय त्याच थैलीतील दुसऱ्या कोणा आईचे पत्र तेलात भिजून वाचता येईनासे होते.

आगपेट्या, लायटर, फटाके, दाबाने फवारणारे डबे व सुट्या विद्युत्‌घटांच्या पेट्या विमानाच्या टपालात घालू नयेत. त्यांतून आगीचा धोका असतो. रोख पैसे व दागिनेही घालू नयेत. साबण किंवा सुगंधी तेल फराळाच्या डब्याशेजारी ठेवल्यास आठ दिवसांत चिवड्याला साबणाचा वास लागतो; तेव्हा त्यांचे पुडके निराळे करावे. आणि एक गोष्ट विसरू नये : सैनिक एकटा बसून खात नाही. एक मोठा डबा देण्यापेक्षा पावपाव किलोच्या आठ पिशव्या द्याव्यात. एक फाटली तर सात उरतात, आणि वाटावयासही त्या सोयीच्या होतात.

बांधणी

पूर्वी पार्सल लाकडी पेटीत किंवा पत्र्याच्या डब्यात घालून, त्यावर मांजरपाट शिवून, शिवणीवर लाखेच्या मोहरा उठविण्याचा प्रघात होता. ती पद्धत खोटी नव्हती. शिवण उसवली किंवा मोहर मोडली की मध्ये कोणी हात घातला हे तत्काळ कळे. आज पन्हाळी पुठ्ठ्याचे मजबूत खोके मिळते व ते पुरेसे आहे. मात्र दुकानातील एकदा वापरलेले, कोपरे मऊ पडलेले खोके यासाठी देऊ नये. पुठ्ठ्याचे बळ त्याच्या पन्हाळीत असते. ती एकदा दबली की खोके म्हणजे नुसता कागद.

खोक्याच्या तळाशी व चारी बाजूंस चुरगळलेल्या कागदाची गादी करावी. जड वस्तू खाली व मध्यभागी, हलक्या वर. शेवटी खोके हलवून पाहावे. आत काही वाजले तर जागा रिकामी आहे असे समजून ती भरून काढावी. वरच्या थैल्यांचा भार पडल्यावर पोकळ खोके आधी चेपते. आतून सर्व माल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असावा, म्हणजे पावसात थैली भिजली तरी माल कोरडा राहील. पत्ता टिकाऊ शाईने लिहावा आणि तोच पत्ता, पाठविणाऱ्याचा पत्ता व वस्तूंची यादी असा एक कागद आतही ठेवावा. बाहेरचा कागद फाटला तरी पार्सल बेवारस होत नाही. वजनाची मर्यादा व दर त्या त्या वेळी पोस्टातच विचारून घ्यावेत, आणि मिळालेली पावती पार्सल पोहोचल्याचे कळेपर्यंत जपून ठेवावी.

पाठविणाऱ्याचा पत्ता आवर्जून घालावा, याचे आणखी एक कारण आहे व ते सांगणे प्राप्त आहे. सैनिकाची बदली होते, तो रुग्णालयात जातो, आणि कधी कधी पार्सल पोहोचण्यापूर्वी तो या जगातही राहिलेला नसतो. १९६७ च्या जून महिन्यात गाझा येथील भारतीय दलातील जवान दुसऱ्यांच्या युद्धात सापडून मृत्युमुखी पडले. शांती राखण्यास गेलेल्यांवरही असा प्रसंग येतो. अशा वेळी घरी परत आलेले पार्सल उघडण्याचे बळ घरच्यांस नसते. ते पार्सल आपल्या दुकानातून बांधून गेलेले असेल, तर व्यापाऱ्याने मालाच्या परतीचा विषय आपण होऊन मिटवावा, आणि शक्य तर त्या घराचा उंबरठा स्वतः चढावा.

व्यापाऱ्याचे कर्तव्य

ग्राहकाला माल पसंत पडला नाही तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन तोंडावर बोलतो. सैनिक तसे करू शकत नाही. हजारो मैलांवर डबा उघडून त्यात खवट शेव निघाली, तर तो ती टाकून देतो आणि घरी लिहितो की फराळ फार छान होता. आईला वाईट वाटू नये म्हणून तो हे लिहितो. म्हणजे या व्यवहारात व्यापाऱ्याला जाब विचारणारा कोणीही नसतो. जेथे जाब विचारणारा नसतो तेथेच मापाची व मालाची खरी परीक्षा होते. म्हणून सैनिकाच्या पार्सलासाठी त्याच आठवड्यात केलेला माल द्यावा, बनविल्याची तारीख पिशवीवर लिहावी, आणि बांधणीचा खर्च लावावयाचाच तर खोके व कागद यांच्या खरेदीपुरता लावावा.

दुसरे कर्तव्य मौनाचे. ज्या दुकानात पलटणीची पार्सले बांधली जातात, तेथे पत्त्यांची यादी आपोआप जमते. एखाद्या महिन्यात एकाच तुकडीच्या दहा घरांनी एकदम पत्ते बदलले, तर ती तुकडी हलली हे जाणत्या माणसास कळते. ही माहिती चहाच्या टेबलावर किंवा आजच्या काळात दूरध्वनीवरील संदेशांत गप्पांचा विषय होऊ नये. आपण पेढीवर आलेल्या ग्राहकाची उधारी दुसऱ्यास सांगत नाही. त्याच शिस्तीने सैनिकाचा पत्ताही सांगू नये. काम झाल्यावर पत्त्याची चिठ्ठी ग्राहकास परत द्यावी, तिचे छायाचित्र काढून ठेवू नये.

तिसरी गोष्ट सामुदायिक भेटींची. उत्साहाच्या भरात 'कोणत्याही जवानास' असे लिहून पेट्या धाडण्याची इच्छा अनेकांस होते. भावना स्तुत्य आहे, परंतु नाव नसलेली पेटी सैनिकी टपालास अडचणीची व संशयास्पद ठरते. अमेरिकेत अशी निनावी डाक १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर जात असे. २००१ मध्ये टपालातून विषारी जंतू पाठविले गेल्यानंतर ती बंद करण्यात आली. ज्यांना असे साहाय्य करावयाचे असेल त्यांनी प्रथम पलटणीच्या केंद्राकडे लेखी विचारणा करावी, कोणती वस्तू हवी हे त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे आणि त्यांनी सांगितलेल्या मार्गानेच ती द्यावी. हवे ते देण्यात दान आहे. आपल्याकडे पडून असलेले देण्यात नाही.

सभासद बंधूंस आमची विनंती एवढीच की, या लेखातील पत्ता, पदार्थ व बांधणी यांविषयीच्या सूचना एका कागदावर उतरवून त्या दुकानात दिसतील अशा ठिकाणी लावाव्यात आणि दसऱ्यापूर्वीच नव्हे, तर श्रावणातच ओळखीच्या सैनिक-कुटुंबांना पार्सलाची मुदत कळवावी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गर्दीत बांधलेले खोके दिवाळीनंतर महिन्याने पोहोचते. श्रावणाअखेर अथवा भाद्रपदात शांतपणे बांधलेले खोके मात्र त्या दिवशी सकाळी, दूरच्या एखाद्या तंबूत, वेळेवर उघडले जाते.